यादीतलं नाव ते सतरा-सी : खान्देशातल्या मतदारासाठी कामाचा धागा

गिरणाकाठ
राम राम मंडळी. निवडणूक लागली की इथे दोनच प्रकारचे धागे निघतात. एक 'कोण येणार', दुसरा 'नाव यादीतून गायब'. हा दुसरा धागा मतदानाच्या दिवशी दुपारी निघतो, आणि त्या वेळी तहसीलदारही काही करू शकत नाही. म्हणून हा धागा आधीच काढतोय. 'मतदान पवित्र कर्तव्य' वगैरे शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं आहेच, ते इथे नको. कोणता अर्ज, कोणाकडे, किती दिवस आधी आणि काय चुकतं, एवढंच लिहू.

सुरुवात माझ्याकडून. मतदार कार्ड हातात आहे म्हणजे मत आहे असं नाही. मत यादीतल्या नावाला असतं, कार्ड फक्त ओळख पटवतं. कार्ड घरी राहिलं तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड, फोटोचं पेन्शन कागदपत्र, दिव्यांगांचं यूडीआयडी यांतलं काहीही चालतं. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणारा अधिकारी, घरी आणून देतो ती मतदार चिठ्ठी २०१९ पासून एकटी ओळखपत्र म्हणून चालत नाही. चिठ्ठी फक्त भाग क्रमांक आणि अनुक्रमांक सांगते.

नाव शोधताना नावाने शोधू नका, कार्डावरच्या क्रमांकाने शोधा. आपल्याकडे एका गावात संजय पाटील आठ-दहा निघतात, नंदुरबारकडे वळवी, पाडवी, वसावे, गावित यांचीही तीच गत. नावाने शोधून 'आहे' म्हणायचं आणि केंद्रावर गेल्यावर तो दुसराच निघायचा.

भरीत_पुरी
भो, नाव यादीमा शे का ते पहिलं देखा, मंग बाकीनं बोला. इथे अर्धे लोक यादी न बघताच लोकशाही वाचवायला निघालेले असतात :)

अनेर
अर्जांचे आकडे लिहून ठेवते, कारण निम्मा घोळ तिथेच होतो.

नमुना ६ पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यासाठी, किंवा ज्याचं नाव आता कुठल्याच यादीत नाही त्याच्यासाठी. नमुना ७ नाव वगळण्यासाठी किंवा दुसऱ्याच्या नावावर हरकत घेण्यासाठी. नमुना ८ पत्ता बदलणं, नाव-वय-फोटो दुरुस्ती, नवीन कार्ड आणि दिव्यांग म्हणून नोंद या चारही कामांसाठी. ६-अ परदेशातल्या भारतीयांचा, ६-ब आधार क्रमांक देण्याचा. ऑगस्ट २०२२ पासून हीच रचना आहे. त्याआधीचा ८-अ आता नाही, तरी झेरॉक्सच्या दुकानात जुने गठ्ठे अजून सापडतात. ते भरू नका.

सगळ्यात जास्त चूक लग्न होऊन आलेल्या मुलींच्या बाबतीत. सासरी आल्यावर सरळ नमुना ६ भरतात. म्हणजे माहेरी एक नाव, सासरी दुसरं. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याची कलमं १७ आणि १८ सांगतात की एका माणसाचं नाव दोन मतदारसंघांत नको आणि एका मतदारसंघात दोनदाही नको. नमुना ६ मध्ये 'माझं नाव दुसरीकडे नाही' असं लिहून सही करावी लागते. ते खोटं ठरलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. प्रत्यक्षात होतं असं की पुढे दुबार नावं शोधताना कधी माहेरचं उडतं, कधी सासरचं, आणि कधी दोन्ही.

बरोबर रस्ता म्हणजे नमुना ८, त्यात 'स्थलांतर'. कार्डाचा क्रमांक तोच राहतो, माहेरचं नाव आपोआप निघतं. आडनावही बदलायचं असेल तर ते त्याच अर्जात होत नाही, कारण नमुना ८ मध्ये एका वेळी एकच पर्याय निवडता येतो. आधी स्थलांतर मंजूर होऊ द्या, मग दुरुस्तीचा दुसरा नमुना ८.

ऑनलाइन भरणाऱ्यांनी आणखी एक बघा. इंग्रजीत नाव टाइप केलं की मराठीचा रकाना आपोआप भरला जातो आणि तिथे गंमत होते. बडगुजरचं बदगुजर, सोनवणेचं सोनावाने. 'पुढे' दाबायच्या आधी तो रकाना वाचा आणि हाताने दुरुस्त करा. यादी मराठीत छापली जाते.

चोपडेकर
छान. शेवटची तारीख नक्की कोणती? दर वेळी पेपरात वेगळी येते.

पांझरा
वेगळी येते कारण लोक दोन गोष्टी एकत्र करतात. पुनरीक्षण, म्हणजे यादी तपासून सुधारायच्या, कार्यक्रमाची मुदत वेगळी आणि कायद्याची शेवटची मर्यादा वेगळी. कार्यक्रमाची मुदत संपली म्हणून नोंदणी बंद होत नाही, ती निरंतर चालू असते. त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम २३(३) प्रमाणे उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत काही घालता येत नाही आणि काढताही येत नाही. पण अर्ज आला की त्यावर हरकतीसाठी सात दिवस ठेवावे लागतात. म्हणून हिशेब असा करा : उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसाच्या किमान १० दिवस आधी नमुना कार्यालयात पोचलेला हवा. आचारसंहिता लागल्याची बातमी ऐकून दुसऱ्या दिवशी गेलात तर बहुधा जमतं, आठवडाभराने गेलात तर नाही.

वयासाठी वर्षात चार तारखा आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. त्या तारखेला १८ पूर्ण हवीत. १७ पूर्ण झालेला मुलगा आधीच अर्ज देऊन ठेवू शकतो, त्याचं वय भरलं की अर्ज विचारात घेतात. अकरावी-बारावीच्या वर्गांत एका दिवसात होण्यासारखं काम आहे.

अर्ज कोणाकडे, यातही गोंधळ असतो. मतदार नोंदणी अधिकारी विधानसभा मतदारसंघाचा असतो, लोकसभेचा नव्हे. साक्री आणि शिरपूर लोकसभेला नंदुरबारमध्ये मोजले जातात, पण त्यांची यादी धुळे जिल्ह्यातच होते. मलकापूर रावेर लोकसभेत, पण जिल्हा बुलढाणा. मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण धुळे लोकसभेत, पण जिल्हा नाशिक. लोकसभेच्या नावावरून कार्यालय शोधलं की माणूस उगाच चकरा मारतो.

तोरणमाळ
आमच्या भागाचा प्रश्न वेगळा आहे, तो जरा सविस्तर मांडतो.

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शहादा या पट्ट्यातली कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात आणि उन्हाळ्यात परततात. बरीच सुरतला, काही बांधकामावर. नेमक्या याच महिन्यांत बीएलओ घरोघरी फिरतो. घराला कुलूप. शेजारी सांगतो 'गुजरातला गेलेत', बीएलओ लिहितो 'स्थलांतरित'. या एका शब्दाने अख्खं कुटुंब वगळण्याच्या यादीत जातं.

हे कायद्याला धरून नाही. कलम २० मध्ये 'सर्वसाधारण रहिवासी' कोण ते दिलं आहे आणि त्यातलं पोटकलम (१अ) स्पष्ट आहे : नेहमीच्या जागेवरून तात्पुरता बाहेर गेलेला माणूस त्या कारणाने तिथला रहिवासी राहत नाही असं होत नाही. हंगामी मजुराचं घर, रेशनकार्ड, म्हातारे आईबाप पाड्यावर असतात आणि दर उन्हाळ्यात तो परत येतो. हे स्थलांतर नव्हे. उलट बाजूही त्याच कलमात आहे : गावात नुसतं घर किंवा जमीन आहे म्हणून कोणी रहिवासी ठरत नाही. वीस वर्षं सुरतेच्या लिंबायतला बिऱ्हाड थाटून बसलेल्याने गावचं नाव सोडून तिकडे नमुना ८ भरावा.

करायचं काय? कुटुंब निघायच्या आधी, म्हणजे दसऱ्याच्या सुमाराला, पाड्यातल्या एकाने प्रत्येक घराचा कार्ड क्रमांक आणि भाग क्रमांक वहीत उतरवून घ्यावा. बीएलओ आला की ती वही त्याच्यासमोर ठेवावी आणि 'हंगामी मजुरीसाठी गेले आहेत, परत येणार' असं लिहून द्यावं, सही-अंगठ्यासह, पोच घेऊन. तोंडी सांगणं टिकत नाही. बीएलओ बदलतो, कागद फाइलला राहतो.

भरीत_पुरी
आणि तरीही नाव उडालं तर?

पांझरा
तर कलम २२. 'इथे राहत नाही' किंवा 'अपात्र' या कारणाने नाव काढायचं असेल तर त्या माणसाला म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यावी लागते. म्हणजे नोटीस हवी. नोटीस न देता काढलं असेल तर तोच मुख्य मुद्दा. कलम २४ खाली पहिलं अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे, आदेशाच्या तारखेपासून १५ दिवसांत. तिथे नाही झालं तर दुसरं अपील मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत. मुदत गेली आणि निवडणूक दूर असेल तर वाद घालत बसू नका, नव्याने नमुना ६ भरा. अपील तत्त्वासाठी ठीक आहे, पण आधी नाव यादीत हवं.

एक गोष्ट फार कमी लोक बघतात. आलेल्या अर्जांच्या याद्या नोंदणी अधिकाऱ्याला जाहीर कराव्या लागतात : नमुना ९ मध्ये नवीन नावं, १० मध्ये हरकती, ११ मध्ये दुरुस्त्या, ११-अ आणि ११-ब मध्ये स्थलांतर. नमुना १० ची यादी उघडली की कोणी कोणाच्या नावावर हरकत घेतली ते दिसतं. एकाच माणसाच्या नावाने एका वस्तीतल्या पन्नास जणांवर नमुना ७ पडलेले असतील तर ते तिथे दिसेल, आणि त्या पन्नास जणांना नोटिशीची वाट न बघता आधीच सावध करता येईल. हरकत घेणारा त्याच मतदारसंघाचा मतदार असावा लागतो. कित्येकदा त्या हरकतदारालाच त्याच्या नावाचा अर्ज पडल्याचं माहीत नसतं. त्याला गाठून 'अर्ज माझा नाही' असं लेखी घेतलं तर पुढची चौकशी सोपी जाते.

बिहारात २०२५ च्या सखोल पुनरीक्षणात प्रारूप यादीबाहेर राहिलेल्या सुमारे ६५ लाख नावांची केंद्रनिहाय यादी कारणांसह जाहीर करा, असं सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२५ ला सांगितलं. 'मयत' लिहिलेली काही माणसं त्याआधीच न्यायालयात येऊन उभी राहिली होती. कारण मागत जा.

तापीपूर्णा
मतदानाच्या टक्क्याबद्दल थोडं. २०२४ च्या लोकसभेला जळगाव, रावेर आणि नंदुरबारचं मतदान १३ मे ला होतं, धुळ्याचं २० मे ला. अक्षय्य तृतीया होती १० मे ला. खान्देशाबाहेरच्यांना कळणार नाही, पण आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात आणि चार-आठ दिवस राहतात. म्हणजे शुक्रवारी आखाजी, सोमवारी मतदान, नाव सासरच्या गावात. निवडणुकीच्या तारखा ठरवताना परीक्षा आणि पाऊस बघतात, आखाजी कोणी बघत नाही. जिल्हा प्रशासनाने आधी कळवलं तर निदान चर्चा तरी होईल.

विधानसभेला २० नोव्हेंबर २०२४. कापूस वेचणीचा भर. मजूर बाई सकाळी सातला शेतात असते आणि दिवस मोडला तर मजुरी बुडते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं कलम १३५-ब भरपगारी सुट्टी देतं, कोणत्याही धंद्यात, उद्योगात किंवा आस्थापनेत कामाला असलेल्या मतदाराला. रोजंदारीवालाही त्यात येतो. शेतमालकाने इतकं जरी केलं की त्या दिवशी वेचणी अकराला सुरू, तरी बायका सातच्या रांगेत मत देऊन येतील. दुपारी बारा ते चार उन्हात कोणी येत नाही, हे मे महिन्यात बेचाळीस-चव्वेचाळीस अंश बघितलेल्याला सांगायला नको.

चोपडेकर
सुरतवाल्यांच्या सुट्टीचं काय? नाव इकडे, काम तिकडे.

तापीपूर्णा
१३५-ब मध्ये मतदाराचं नाव कुठे आहे ते महत्त्वाचं, कामाची जागा नाही. इकडचा मतदार सुरतेत कामाला असेल तरी इकडच्या मतदानाच्या दिवशी त्याला भरपगारी सुट्टी मिळायला हवी. मतदार चिठ्ठी आधी मालकाला दाखवा, आल्यावर शाई दाखवा. अडवणूक झाली तर कामगार खात्याकडे तक्रार.

आणि दोन्हीकडे नावं ठेवणाऱ्यांना : २०२४ ला गुजरातचं मतदान ७ मे, आपलं १३ मे. सहा दिवसांत शाई जात नाही. केंद्रावर दुसऱ्या मतदान अधिकाऱ्याचं पहिलं कामच डावी तर्जनी बघणं आहे.

मतदान_अधिकारी_क्र_२
तेच सांगायला आलो. केंद्रातलं काम बाहेरच्यांना नीट माहीत नसतं, म्हणून क्रमाने लिहितो.

पहिला अधिकारी ओळख पटवतो आणि चिन्हांकित यादीत खूण करतो. दुसरा शाई लावतो, मतदारांच्या १७-अ नोंदवहीत अनुक्रमांक आणि ओळखपत्र लिहून सही किंवा अंगठा घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा चिठ्ठी घेऊन कंट्रोल युनिटवरचं 'बॅलट' बटण दाबतो. मग मतदार बॅलट युनिटवर बटण दाबतो, व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेत ७ सेकंद चिठ्ठी दिसते, ती तुटून खाली पडते आणि लांब बीप वाजतो.

सकाळचं अभिरूप मतदान, ज्याला सगळे मॉक पोल म्हणतात, मतदानाच्या ९० मिनिटं आधी सुरू होतं. सातला मतदान तर साडेपाचला. उमेदवारांचे पोलिंग एजंट आले नाहीत तर १५ मिनिटं थांबून पुढे जातात. किमान ५० मतं टाकायची, प्रत्येक उमेदवाराला आणि 'नोटा'लाही. मग 'क्लोज', 'रिझल्ट' बघून चिठ्ठ्यांशी जुळवायचं आणि मग 'क्लिअर'. व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काढून त्यांच्यामागे शिक्का मारून काळ्या पाकिटात सील करायच्या. मशीन शून्य दाखवतंय हे एजंटांना दाखवून मगच सील.

दर निवडणुकीत कुठे ना कुठे चुकतं ते इथेच. घाईत 'क्लिअर' राहतं आणि मॉक पोलची ५० मतं खऱ्या मतांत मिसळतात. हे बहुतेक वेळा संध्याकाळी एकूण आकडा १७-अ पेक्षा पन्नासने जास्त आला की समजतं. एजंट साडेपाचला हजर असेल तर तिथल्या तिथे सांगतो. पण एजंट साडेसातला चहा पिऊन येतात.

दुसरी अडचण व्हीव्हीपॅटची. त्यावर थेट प्रखर उजेड पडला की ते बिघडतं. २०१८ च्या मे मध्ये कैराना आणि भंडारा-गोंदिया पोटनिवडणुकांत मोठ्या प्रमाणावर यंत्रं बदलावी लागली, तेव्हा आयोगानेही जास्त उजेडाचंच कारण सांगितलं होतं. आपल्याकडच्या शाळा पत्र्याच्या, खिडक्या पश्चिमेला. मतदान कक्ष खिडकीसमोर नको, बल्बच्या थेट खाली नको. आदल्या दिवशी संध्याकाळी टेबल लावताना उद्या दुपारी तीनला ऊन कुठे येईल ते बघून लावायचं. संध्याकाळच्या सावलीत सगळी जागा चांगलीच दिसते.

भरीत_पुरी
ठीक. मग आता अवघड प्रश्न. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला राज्यात संध्याकाळी पाचला ५८.२२ टक्के, नंतर अंतिम ६६.०५. एवढी मतं कुठून आली? यावर दोन्ही बाजूचे लोक नुसते ओरडतात.

मतदान_अधिकारी_क्र_२
दर दोन तासांनी जो आकडा येतो तो केंद्राध्यक्ष फोनवर क्षेत्रीय अधिकाऱ्याला सांगतो. तो अंदाजी असतो, त्याला कायद्याचा आधार नाही. पाचचा आकडा साडेचार-पावणेपाचला विचारलेला असतो. त्यानंतर सहापर्यंतचं मतदान, आणि सहा वाजता रांगेत असलेल्या सगळ्यांचं. सहा वाजले की रांगेच्या शेपटापासून पुढे क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतात, म्हणजे मागून नवीन कोणी घुसत नाही. शेवटचा चिठ्ठीवाला मत देईपर्यंत केंद्र चालू. सातपुड्यात तर फोनच लागत नाही. अक्कलकुवा राज्यातला क्रमांक १ चा मतदारसंघ आणि सरदार सरोवराच्या फुगवट्यातलं मणिबेली त्यातलं क्रमांक १ चं केंद्र. अशा भागातला आकडा पथक परतल्यावरच पक्का होतो.

पांझरा
स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे. पण पटलं म्हणून तपासायचं नाही असं कुठे आहे? तपासायची जागा टीव्हीवरचा टक्का नव्हे, सतरा-सी, म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशेबाचा नमुना आहे.

निवडणूक संचालन नियम १९६१, नियम ४९-एस. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष नमुना १७-सी भाग १ भरतो आणि हजर असलेल्या प्रत्येक एजंटाला त्याची खरी प्रत देतो. 'हजर असलेल्या' हे शब्द लक्षात ठेवा. पाच वाजता 'झालं आपलं' म्हणून जेवायला गेलेल्या एजंटाला प्रत मिळत नाही, आणि नंतर त्याचाच उमेदवार आकडे वाढले म्हणून ओरडतो. हे फॉर्म संकेतस्थळावर टाका, ही मागणी मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली होती, तेव्हा अंतरिम आदेश मिळाला नाही. त्यामुळे प्रत मिळवायची खात्रीची वाट एजंटच.

प्रत हातात आली की बघायचं :

कंट्रोल युनिट, बॅलट युनिट आणि व्हीव्हीपॅट यांचे क्रमांक सकाळी टिपलेल्या क्रमांकांशी जुळतात का. केंद्राला नेमून दिलेले एकूण मतदार. १७-अ मधली एकूण नोंद. त्यातून मत न देता परत गेलेले (४९-ओ) आणि गुप्ततेचा भंग केला म्हणून मत देऊ न दिलेले (४९-एम) वजा करा. उरतो तो आकडा कंट्रोल युनिटच्या 'टोटल'इतका हवा. एक-दोनचा फरक असेल तर तो केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीत कारणासह लिहून घ्या. मग कागदी सीलचे अनुक्रमांक. ते वाचून ठेवा, कारण मोजणीच्या टेबलावर हेच क्रमांक पुन्हा बघायचे आहेत.

अनेर
यात 'प्रदत्त मत' पण येतं ना? तुमचं मत आधीच कोणी टाकून गेलं असेल तर 'झालंय तुमचं, जा' म्हणतात आणि बाई गुपचूप घरी जाते.

पांझरा
जाऊ नये. नियम ४९-पी. ओळख पटली की तिला प्रदत्त मतपत्रिका मागायचा हक्क आहे. ते मशीनवर होत नाही. कागदी मतपत्रिका मिळते, १७-ब यादीत सही घेतात आणि ती वेगळ्या पाकिटात जाते. नेहमीच्या मोजणीत ती मोजत नाहीत, पण निवडणूक याचिकेत मतांचा फरक थोडा असेल तर तीच पुरावा होते. आणि १७-सी मध्ये तिचा आकडा येतो, म्हणजे बोगस मतदानाची लेखी नोंद राहते. एका केंद्रावर अशा आठ-दहा निघाल्या तर पुढे कोणालाच 'काही झालं नाही' म्हणता येत नाही.

उलट, समोर उभा असलेला माणूस तो नव्हेच असं एजंटाला वाटलं तर २ रुपये भरून आक्षेप घेता येतो, नियम ४९-जे. दोन रुपयेच, पण ते खिशात सुटे ठेवा. केंद्राध्यक्ष तिथेच चौकशी करतो. त्यासाठी अनुपस्थित, स्थलांतरित आणि मयत यांची यादी केंद्राध्यक्षाकडे असते. एजंटाने स्वतःची यादीही गावात विचारून आधी तयार ठेवावी. बाहेरगावचा एजंट इथे निरुपयोगी.

व्हीव्हीपॅटवर चिठ्ठी चुकीची दिसली असं म्हणणाऱ्यासाठी ४९-एमए आहे. लेखी निवेदन द्यायचं, मग एजंटांसमोर चाचणी मत. तक्रार खोटी ठरली तर खटला होऊ शकतो, हे केंद्राध्यक्ष आधी सांगतो. खरं दिसलं असेल तर घाबरू नका, पण नुसतं व्हॉट्सॲपवर वाचलं असेल तर भानगडीत पडू नका.

तोरणमाळ
म्हाताऱ्या-अंध मतदाराच्या सोबत्याबद्दल लिहा. आमच्याकडे एकच कार्यकर्ता सकाळपासून दहा आज्यांचा 'नातू' होतो.

मतदान_अधिकारी_क्र_२
नियम ४९-एन. सोबती १८ च्या वर हवा आणि एका दिवसात तो एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. त्याने 'याआधी कोणाचा सोबती झालो नाही आणि मत गुप्त ठेवीन' असं लिहून द्यायचं असतं, आणि नमुना १४-अ मध्ये नोंद होते. दुसऱ्यांदा आला की एजंटाने १४-अ बघायला सांगायचं. निरक्षर असणं हे सोबत्याचं कारण नाही, मशीनवर चिन्ह असतं. दिसत नाही किंवा बटण दाबता येत नाही एवढंच कारण. ८५ च्या पुढचे आणि ४० टक्क्यांवर दिव्यांगत्व असलेले नमुना १२-डी भरून घरूनच टपाली मत देऊ शकतात. तो अधिसूचनेनंतर ५ दिवसांतच द्यावा लागतो, म्हणून बीएलओच्या मागे लागा.

चोपडेकर
आणि पैसेवाटप? रात्रीचं पाकीट?

गिरणाकाठ
भारतीय न्याय संहितेचं कलम १७० : देणाराही गुन्हेगार, घेणाराही. शिक्षा १७३ मध्ये, एक वर्षापर्यंत. सी-व्हिजिल ॲपवर फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ पाठवता येतो आणि १०० मिनिटांत कारवाईचं उत्तर यायला हवं. पण तो ॲपमधूनच तिथल्या तिथे काढावा लागतो. गॅलरीतला जुना फोटो चालत नाही, घरी जाऊन सावकाश पाठवू असंही होत नाही. रेंज नसलेल्या गावात ॲपचा उपयोग शून्य. तिथे १९५० ला फोन किंवा निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लेखी, वेळ आणि जागेसह. 'अमक्या पक्षाने पैसे वाटले' एवढ्याच वाक्यावर भरारी पथक कुठे जाणार?

तापीपूर्णा
ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका यांचं वेगळं असतं ते कोणी सांगितलंच नाही. त्या राज्य निवडणूक आयोग घेतो, भारत निवडणूक आयोग नव्हे. यादी मात्र विधानसभेचीच, आयोग ठरवेल त्या तारखेची, फक्त प्रभागनिहाय फोडलेली. त्या तारखेनंतर नवीन नाव चढत नाही. प्रारूप यादीवर हरकत घेता येते ती 'मी प्रभाग ४ मध्ये राहतो, नाव ५ मध्ये टाकलं' अशा चुकांची. शंभर-दोनशे मतांवर निकाल लागणाऱ्या प्रभागात गल्लीची एक बाजू पलीकडे गेली की निवडणूकच फिरते. म्हणून ही यादी लागली की पहिल्या दिवशी बघा. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला दोन मतं असतात, दोन्ही दिली की मगच शेवटचा बीप. लोक एक दाबून निघतात आणि मागची रांग थांबते. व्हीव्हीपॅट तिथे नसतो.

भरीत_पुरी
मोजणीचं राहिलं.

पांझरा
थोडक्यात. मोजणी प्रतिनिधीची नेमणूक नमुना १८ वर. टेबलावर मशीन आलं की आधी १७-सी ची प्रत काढायची, कंट्रोल युनिटचा क्रमांक, सील आणि 'टोटल' जुळवायचं, मगच 'रिझल्ट'. जुळलं नाही तर मशीन बाजूला ठेवतात. शेवटी विजयाचं अंतर त्या मशीनमधल्या मतांपेक्षा मोठं असेल तर अडत नाही. कमी असेल तर व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजतात. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली ५ केंद्रं चिठ्ठी टाकून निवडतात आणि त्यांच्या चिठ्ठ्या मोजतातच. चिठ्ठ्या आणि मशीन यांत फरक आला तर चिठ्ठ्यांचा आकडा धरतात.

निकालानंतर मुदती आखूड आहेत. २६ एप्रिल २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवार विधानसभा क्षेत्रातल्या ५ टक्के मशीनची तपासणी मागू शकतो, ७ दिवसांत, खर्च भरून. निवडणूक याचिका ४५ दिवसांत उच्च न्यायालयात. केंद्रावरच्या चित्रीकरणाबाबतही २०२५ पासून सूचना आहे की याचिका नसेल तर ४५ दिवसांनी ते नष्ट करता येतं. शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक संचालन नियमांतला नियम ९३ बदलल्यामुळे चित्रीकरण सर्वसामान्य माणसाला बघायला मागता येत नाही. हा बदल माझ्या मते चुकीचा आहे, पण आज नियम तो आहे. दोन महिन्यांनी जागं होऊन काही हाती लागणार नाही.

चोपडेकर
शेवटचं एक. पोलिंग एजंट व्हायचं तर कागद काय लागतो? पक्षवाले आदल्या रात्री कोरा फॉर्म हातात देतात.

मतदान_अधिकारी_क्र_२
नमुना १०, म्हणजे निवडणूक संचालन नियमांतला, वर आलेली हरकतींची यादी नव्हे. त्यावर उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची सही आधीच हवी, तुमची सही केंद्राध्यक्षासमोर करायची. एजंट शक्यतो त्याच केंद्राचा किंवा शेजारच्या केंद्राचा मतदार असावा. स्वतःचं ओळखपत्र बरोबर. एका उमेदवाराचा एक एजंट आणि दोन बदली एजंट नेमता येतात, आत मात्र एका वेळी एकच. तेव्हा जेवणाची पाळी आधी ठरवा म्हणजे सहा वाजता खुर्ची रिकामी राहणार नाही. यादीची प्रत, पेन आणि कोरा कागद आत नेता येतो, मोबाइल नाही. आणि कोणी मत दिलं त्यांच्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या खिडकीतून बाहेर पाठवता येत नाहीत. तसं दिसलं तर केंद्राध्यक्ष तुम्हाला बाहेर काढेल आणि मग सतरा-सी ची प्रतही गेली.